ठमाबाईचं बाळसं

पोरं पोसावीत ती ठमाबाईनंच, असं आमच्या गावात ठमाबाईच सांगायची. एकोणीसशे सव्वीस साली तिच्या तीन वर्षांच्या नातवाचे गाल एकाएकी फुगले, डोळे बारीक झाले, कंबरेला करगोटा काचू लागला. लघवीला फेस येत होता, पण तिकडे बघतो कोण? बाई त्याला कडेवर घेऊन घरोघर मिरवली. आमचं गावही शहाणं. सगळ्यांनी त्याचे गालगुच्चे घेतले. ती रोज त्याची दृष्ट काढायची आणि वर खारी सुकट भरवायची.

शेवटी सून त्याला कर्जतला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं पोराची लघवी काचेच्या नळीत तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली.

"हे बाळसं नाही, सूज आहे. मूत्रपिंड बिघडलंय. मीठ बंद करा."

मीठ सुटलं, सूज उतरली, पोराच्या बरगड्या दिसू लागल्या. ठमाबाई खवळली. "गुटगुटीत पोर वाळवलं मेल्यानं!" म्हणत तिनं सुकट पुन्हा सुरू केली. पोर पुन्हा फुगलं, गाव पुन्हा कौतुकाला आलं.

भाद्रपदात पोर गेलं. भेटायला आलेल्या बायकांना ठमाबाई डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत बाळसं उतरू दिलं नाय गं मी."