वज्रदेहीचा भोंगेवाला

सरकी काढायच्या जिनातून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर कापसाचे पुंजके चिकटलेले असतात ना, तशा किसन पहिलवानाच्या गोष्टी माझ्या अंगाला चिकटल्या आहेत. मी त्या गोळा केल्या नाहीत. झटकल्या तरी जात नाहीत, इतकंच! घाटंजीत चार जुनी माणसं चहाला बसली की एक म्हणतो, "नाना, तो मंजनाचा सांग." दुसरा म्हणतो, "नाही, देवी टोचल्याचा!" आणि चहा गार होतो.

नव्या माणसांसाठी थोडं आधीपासून सांगतो. छप्पन सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. किसन मारेगावकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. सहा फूट उंची, आणि छाती अशी की शर्टाची वरची तीन बटणं कधी लागलीच नाहीत. बाजाराच्या दिवशी गावोगावी ताकदीचे खेळ करायचा. पोस्टरवर नाव 'वज्रदेही किसन'. मी त्याचा भोंगेवाला, म्हणजे लाउडस्पीकरवरून त्याची तारीफ करणारा. जीप चालवायला आणि सामान मांडायला गफ्फारभाई. घरी किसनची बायको पारबती, तिला मी वैनी म्हणायचो.

पोस्टरवर न छापलेली गोष्ट एकच. वज्रदेहीला रोज मोहाची लागायची. तीही ऐन दारूबंदीत!

*

त्याचं नाव झालं ते एका मोटरीमुळं. उमरखेडच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटर चिखलात रुतली होती. पॅसेंजर ढकलून ढकलून दमले. किसननं दोर कमरेला बांधला, "जय बजरंग!" अशी आरोळी ठोकली, आणि मोटर बाहेर! लोक वेडे झाले. आठ जणांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि आठही जण चिखलात बसले. 'वज्रदेही' हे नाव तिथंच पडलं.

मी त्याला एकदा एकांतात विचारलं, "पहिलवान, डायवरनं तेवढ्यात इंजन चालू केलतं ना?"

"केलतं."

"मग?"

"मी ओढून राह्यलो होतो का नाही? होतो. मोटर निघाली का नाही? निघाली. मधलं कायले उकरतं!"

*

नाव झालं तसे जाहिरातवाले आले. एका मंजनवाल्यानं त्याचा फोटो डबीवर छापला: वज्रदेही दातांनी बदाम फोडतो आहे. आता खरं सांगायचं तर त्याचे वरचे चार दात एका आखाड्यातच राहिले होते. तोंडात कवळी होती. हे मला ठाऊक, वैनीला ठाऊक. मंजनवाल्याला नाही.

त्यानं घाटंजीच्या बाजारात पलंग आणून ठेवला. "दातांनी उचला!" म्हणे. समोर हजारभर माणूस. किसननं माझ्याकडं पाहिलं, मी आभाळाकडं पाहिलं. त्यानं वाकून पलंगाची नवार दातात धरली, मान ताठ केली, उचलला! वीतभर वर आला. आणि एकदम पलंग खाली, वज्रदेही वर. कवळी नवारीतच अडकलेली!

सगळा बाजार टाचा उंचावून पाहतोय. मंजनवाल्याचा चेहरा पांढराफटक. मग माझ्यातला भोंगेवाला जागा झाला.

"देखो! देखो! पहिलवानानं पलंग सोडला, पण दातांनी सोडला नाही!"

त्या दिवशी मंजनाची एक डबी उरली नाही.

*

देवीची लस टोचायला माणसं यायची त्या काळातली गोष्ट. एका वाडीत लोक दारं लावून बसले. लस टोचणारा सज्जन माणूस. तो किसनकडं आला. "तुम्ही सगळ्यांसमोर आधी टोचून घ्या. तुम्हाला पाहून लोक येतील."

किसन पारावर बसला. बाया, बाप्ये, म्हातारे गोळा झाले. मी भोंग्यावर सुरू: "ज्या दंडावर घण वाकतो, त्या दंडावर ही सुई..." लस टोचणाऱ्यानं सुई बाहेर काढली मात्र, वज्रदेहीचे डोळे फिरले. टोचायच्या आधीच तो पारावरून धाडकन खाली!

मी कपाळाला हात लावला. संपलं, आता कोण येतं! तोच एक म्हातारी पुढं आली आणि दंड उघडा करून म्हणाली, "एवढा मोठा गडी नुसतं पाहून पडला म्हंजे दवा लय जोरदार हाय. मले टोच!"

अख्खी वाडी रांगेत. आणि वज्रदेही शुद्धीवर येऊन मला विचारतो, "लोकायनं टाळ्या वाजवल्या का?"

*

नावाचा त्याला त्रास कुठं व्हायचा, तर प्यायच्या ठिकाणी. नाल्यातल्या भट्टीवर आधी गफ्फारभाई जाऊन आणायचा. एक दिवस गफ्फारभाई नव्हता, म्हणून किसन स्वतः गेला. मला सोबत घेऊन. भर दुपारी.

भट्टीवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी वज्रदेही ना?"

किसन खुलला. छाती फुगवून म्हणाला, "हो!"

"मंग तुमाले नाही भेटणार."

"काहून?"

"वज्रदेही पीत नाही. माही माय तुमच्या फोटोले रोज हात जोडते. मी तुमाले पाजून पाप घेऊ काय?"

किसननं समजावलं, दरडावलं. भट्टीवाला हलेना. शेवटी घसा एवढा कोरडा पडला की पहिलवान खाली मान घालून म्हणाला, "मी वज्रदेही नाही, बावा. त्याच्यासारखा दिसतो नुसता."

"हे आधी सांगाचं ना!" म्हणत त्यानं लगेच गिलास भरला.

परत येताना किसननं नाल्याच्या पाण्यानं तोंड धुतलं. मग म्हणाला, "नाना, लय दिवसानं आज खरं बोल्ल्यासारखं वाटून राह्यलं."

*

हा किस्सा कोणी सांग म्हणत नाही. पण तो गाळला तर पुढचा कळायचा नाही.

खेळात शेवटी किसन उताणा झोपायचा, छातीवर दगड ठेवायचा, आणि गफ्फारभाई घणानं तो दगड फोडायचा. मारेगावच्या बाजारात त्या दिवशी किसन इतका प्यायलेला होता की झोपला की त्याला आभाळ गरगरायचं. तो उठून बसला. "आज उलटं! गफ्फार, तू झोप. मी फोडतो."

गफ्फारभाई नको नको म्हणत होता. पण लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आणि भोंग्यावरून त्या टाळ्या वाढवल्या कोणी? मीच!

गफ्फारभाई झोपला. दगड हलू नये म्हणून त्यानं डाव्या हातानं कड धरली होती. पहिलाच घाव त्या हातावर.

"उस्ताद," गफ्फारभाई म्हणाला, "पत्थर इधर था!"

लोक पोट धरून हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

यवतमाळच्या दवाखान्यात त्याची दोन बोटं काढावी लागली. किसन बाहेर व्हरांड्यात बसून होता, मांडीवर घण घेऊन. तो हातातून ठेवायचं त्याला सुचलंच नव्हतं.

*

आठ दिवसांनी किसननं मला घरी बोलावलं. डोळे लाल. म्हणाला, "नाना, मले बांध. तीन दिवस. ओरडलो तरी सोडू नको."

साखळी तोडणं हा आमच्या खेळातलाच एक आयटम होता. त्या साखळीची एक कडी कानशीनं घासून वर मेण भरलेली असायची. मी ती काढली तर म्हणाला, "ती नाही. खरी."

वैनीनं लोहाराकडून मागून बैल बांधायची जाड साखळी आणली. अवजारांच्या खोलीतल्या सागाच्या खांबाला आम्ही त्याला बांधलं. दार नुसतं लोटून घेतलं. त्याला कडी नव्हतीच.

पहिल्या दिवशी त्यानं शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी रडला, हात जोडले. मग ओरडला, "नाना, तुले मी माणूस केलं रे!"

मी बाहेरून म्हणालो, "माणूस नाही पहिलवान, भोंगेवाला केलं!"

वैनी पाणी, भाकर घेऊन आत जायची आणि पदर तोंडाला लावून बाहेर यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतून आवाज येईना. वैनी धावली, मागं मी. दार ढकललं.

साखळी तुटलेली होती. मधली जाड कडी जबड्यासारखी उघडली होती. किसनच्या दोन्ही मनगटांवर रक्त सुकलेलं. दार नुसतं लोटलेलं होतं, आणि भट्टीचा नाला तिथून हाकेच्या अंतरावर.

तो खांबाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केव्हापासून, देव जाणे.

वैनीनं साखळीकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं. मग खाली बसून साखळीचे दोन्ही तुकडे ओच्यात घेतले. म्हणाली, "लोहाराले वापस द्याची होती ना हे. आता त्याले काय सांगू मी?"

किसन म्हणाला, "सांग, बैलानं तोडली."