भिंतीपलीकडचं कण्हणं

परवा आंबागडच्या रस्त्याला एसटीच्या खिडकीतून धानाच्या चिखलाचा वास आला आणि मला ती रोवणी, धानाची लावणी, आठवली. माझ्या लहानग्या सोनूला सिकलसेल, हाडं ठणकवणारा रक्ताचा आजार, होता. लोक नावं ठेवतील म्हणून आम्ही नवराबायकोने तो गावापासून लपवला. नागपूरच्या दवाखान्यात नेतानाही माहेरी जातो असंच सांगितलं.

सोनूला खांद्यावर घेऊन परतलो, तेव्हा रोवणी बुडाली या धास्तीने मी आधी शेत गाठलं. तर मोहल्ल्यातल्या बाया चिखलात वाकून आमचंच शेत रोवत होत्या. शेजारच्या शेवंताकाकूने मान वर केली.

"आली वं? पोरीचं दुखनं थांबलं?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"भिंतीले भिंत हाये. रातभर कन्हते, ते आमाले आयकू येत नसन काय? तू बोलली नाही, मून आमीबी नाही बोललो."

मला तोंड लपवावंसं वाटलं. तेव्हा लाज वाटली, ती आजार उघडा पडल्याची.

सोनू आता मोठी झाली; गोळ्या चालूच आहेत. पण आमच्यासोबत भिंतीपलीकडे काकूही किती रात्री जागली असेल, हे मनात आलं की आजही मान खाली जाते.