पाच मालक आणि एक पोट

परभणीला गाडीतून उतरलो तेव्हा पिशवीत दोन किलो गाजरं होती आणि डोक्यात एकच गोष्ट, आपण घोडीचे मालक आहोत! खरं तर पाचव्या हिश्श्याचे, तेही एका हंगामापुरते. पण ऐट विचारू नका. डब्यातल्या अर्ध्या लोकांना मी हे सांगून टाकलं होतं.

कारखान्यातला माझा जुना सोबती मधुकर निवृत्त होऊन कुरुंद्याला परतला आणि त्याने औंढ्याकडच्या शेषरावमामांची शर्यतीची घोडी ठोक्यानं (ठरीव रकमेवर) घेतली. शेत घेतात तशी. ठोका वीस हजार. त्यावर हरभरा, कडबा, खुरांचे नाल, स्वाराची मजुरी आणि जत्रेपर्यंतचा टेम्पो. एकट्याला कुठलं झेपतंय! पाच जणांत वाटलं म्हणून जमलं. घोडीला काही झालं तर दीड लाख भरून द्यायचे, ही अट मात्र मधुकरने फोनवर जरा हळूच सांगितली होती.

परभणीहून एसटीने वसमत गाठलं आणि तिथून कुरुंद्याची जीप धरली. जागोजागी हळद शिजत होती. ओला, उग्र वास नाकात बसला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचे तळहातसुद्धा पिवळेधमक होते.

"कुण्या गावचे तुमी?" त्यांनी विचारलं.

"पुण्याचा. शेवंती घोडी बघायला आलोय."

"अगं बाई! म्हंजी आमचे पाचवे!" त्या एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या की ड्रायव्हरने वळून बघितलं. या गयाबाई, मधुकरच्या शेजारीण. कडब्याचा हिस्सा त्यांचा.

शेवंती तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. तिने माझ्या हातून गाजर घेतलं आणि मी कायमचा विकला गेलो. मधुकरकडे येसर (भाजल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) आणि ज्वारीची भाकरी ओरपून जेवलो. जत्रा दोन दिवसांवर आली होती.

सकाळी मात्र शेवंती घामाने निथळत होती. वळून वळून पोटाकडे बघायची, पाय झाडायची, मधेच आडवी व्हायची. मधुकरचा चेहरा पांढराफटक पडला. गुरांचे डॉक्टर आले, पोटाला नळी लावून ऐकलं आणि आम्हा पाचही जणांना ओळीनं उभं केलं.

"काल काय काय खाऊ घातलं? खरं सांगा."

"नेहमीचाच हरभरा," मधुकर म्हणाला.

"मी बी जरासा भरडा दिला," गयाबाई पुटपुटल्या. "लई पळवून राहिले लेकराला, म्हून."

तिसऱ्या हिस्सेदाराने गूळ दिला होता, चौथ्याने कणकेचे गोळे. हिस्सा ज्याचा, घास त्याचा, असा सगळ्यांचा हिशेब! मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गाजरं," मी म्हणालो.

"किती?"

"सगळी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "पाच मालक अन् एक पोट! अहो, त्या मुक्या जिवानं कुणाकुणाचं मन राखायचं?" त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं. "लोळू देऊ नका, फिरवत राहा. लीद पडली तर जगली."

शेषरावमामांना फोन कोणी करायचा? पाहुण्याला शिव्या घालणार नाहीत म्हणून सगळ्यांनी फोन माझ्या हातात कोंबला. मी कसंबसं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "तिला बसू देऊ नका. मी येऊन राहिलो."

आम्ही फिरवायला लागलो. हळदीच्या खळ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत आणि परत. एक दमला की दुसरा दोर धरी, आणि हळूहळू गावातले लोकही सोबतीला चालू लागले. सुरुवातीला माझ्या डोक्यात दीड लाखाचा पाचवा हिस्सा घोळत होता, खोटं कशाला बोलू? मग एका वळणावर तिने थकून मान माझ्या खांद्यावर टाकली आणि मला रडूच फुटलं. दीड लाख गेले खड्ड्यात, बाई, तू तेवढी जग!

मामा मोटरसायकलवरून आले. पोटाला कान लावला, दोर हातात घेतला आणि आमच्याबरोबर चालू लागले. ऊन उतरायला लागलं तेव्हा शेवंती थांबली. शेपूट वर झालं. आधी दणदणीत वारा, मग लीद! गयाबाईंनी हात जोडले. मधुकरने ती लीद ओंजळीत घेऊन प्रसादासारखी सगळ्यांना दाखवली, आणि देवाशपथ, आम्ही टाळ्या वाजवल्या.

"मामा, ठोका पुरा देऊ," मधुकर खाली मान घालून म्हणाला, "पण घोडी घेऊन जा. आमी लायक न्हाई."

"काहून नेऊ?" मामा म्हणाले. "चूक तर मोठी केली तुमी. पण सारं गाव पायी चाललं तिच्यासंगं. ऱ्हाऊ द्या इथंच. फकस्त घास एकानंच घालायचा." त्यांनी गयाबाईंकडे बोट दाखवलं. "बाकीच्यांनी हात मागं बांधून बघायचं."

जत्रेतली शर्यत दुसऱ्यांच्या घोड्यांनी पळून घेतली. आम्ही गोठ्यात शेवंतीला पाणी पिताना बघत बसलो होतो. निघताना गयाबाईंनी हळकुंडांची पुरचुंडी माझ्या पिशवीत टाकली. परतीच्या गाडीत मी कोणालाच काही सांगितलं नाही. अनोळखी गावाने मला एका दिवसात आपल्यात ओढून घेतलं होतं, आणि त्याचे आभार कसे मानतात हे मला या वयातही माहीत नव्हतं.

घरी दार उघडताच बायकोने विचारलं, "मग? कितवा नंबर आला?"

"जगली," मी म्हणालो, आणि हळकुंडांची पुरचुंडी तिच्या हातात ठेवली.