मी खात्रीनं सांगितलं

मी नर्स झाले तेव्हा आईनं सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. आम्ही नगरकडचे कॅथलिक, दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्यांची पोरं. घरात शिकलेली मी पहिलीच, त्यामुळे मला जरा शिंगं फुटली होती, हे कबूल करते. ताप, नाडी, श्वास यांबद्दल मी एकदा काही बोलले की घरात पुढं कुणी बोलायचं नाही. आईला त्याचं कौतुक होतं. धाकट्या बहिणीला नव्हतं. ती म्हणायची, "हिला पापसुद्दा थर्मामीटर लावून बगायचंय."

धाकटीचा नवरा होटगीला रेल्वेत सांधेवाला, गाड्यांचे रूळ बदलणारा. ती पहिलटकरीण, म्हणून बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या महिन्यातच, वैशाखातल्या एका दुपारी, तिच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला टांगा मिळेपर्यंत बाळाचं डोकं दिसायला लागलं, आणि सगळं माझ्यावर आलं. मुलगा झाला. निळा पडलेला होता आणि रडेना.

अशा वेळी आमच्यात नियम साधा आहे. बाळ जगेलसं वाटत नसेल तर फादरची वाट बघायची नाही. जवळ जो कुणी असेल त्यानं पाणी घालायचं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. डोक्यावर ओतलं तरी चालतं, पाण्यात बुडवलं तरी चालतं, फक्त बाळात जीव असायला हवा. बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल स्वर्गात जात नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ते नरकातही जात नाही. मधेच कुठंतरी राहतं, तिथं दुःख नाही, पण देवाचं दर्शन नाही, आणि आईचंही नाही. त्याला कबरस्थानाच्या कुंपणाबाहेर पुरतात.

हे मला पाठ होतं. पण दवाखान्यात शिकवलेलं जास्त पाठ होतं. मी दोन घमेली मागवली, एकात गरम पाणी, दुसऱ्यात माठातलं गार. बाळाच्या घशातला चिकटा बोटानं काढला. त्याला गळ्यापर्यंत गरम पाण्यात धरलं, मग गारात, परत गरमात. मधे तोंडावर तोंड ठेवून फुंकत होते. आई शेजारी उभी होती.

"पान्यातच हाय की त्ये," ती म्हणाली. "हात चालू ठिव, तोंडानं दोन शब्द म्हन."

"थांब गं."

"म्हन की. लई येळ लागत न्हाय."

"मी त्याला जगवतेय आणि तू मारायला निघालीस काय?"

असं मी आईला बोलले. ते शब्द म्हणणं म्हणजे हात टेकणं, असं मला वाटत होतं. तसं पाहिलं तर शब्दांनी हात अडले नसते. मला ते बाळ माझ्या विद्येनं वाचवायचं होतं, आणि वाचवून धाकटीला दाखवायचंही होतं. एकदा त्याची छाती वर आली, आचका दिल्यासारखी. मी हसले. त्या क्षणी ते जिवंत होतं, पाण्यात होतं, माझ्या हातात होतं, आणि माझं तोंड बंद होतं.

मग परत काही नाही. बऱ्याच वेळानं मी छातीवर दोन बोटं ठेवून पाहिलं. काही लागलं नाही. अर्धवट बोलायचं नाही, स्पष्ट सांगायचं, अशी आम्हा नर्सांची शिकवण. मी स्पष्ट सांगितलं, "गेलं." आणि त्यानंतर आईचं तोंड बघवेना म्हणून तांब्या उचलला, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि ते शब्द म्हटले.

फादर संध्याकाळी सायकलवरून आले. परदेशातला माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. धाकटी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा नवरा होटगीहून येऊन उंबऱ्याशी बसला होता. बाळाला कुठं न्यायचं, हे फादरच्या शब्दावर होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही पाणी ओतलंत तेव्हा बाळात जीव होता?"

"नव्हता, फादर."

"खात्री आहे तुमची?"

"बोटं ठेवून पाहिलं मी."

"काहीच शंका नाही? थोडीसुद्धा?"

मला रागच आला. या माणसाला लॅटिन येत असेल, पण जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे तो मला शिकवणार? मी म्हणाले, "त्यात माझी चूक होत नाही."

फादरनी मान खाली घातली. "मग मला त्याला आत घेता येत नाही," ते म्हणाले.

माझ्या एप्रनमध्ये गुंडाळून त्याला साबणाच्या खोक्यात ठेवलं. धाकटीच्या नवऱ्यानं कुंपणाबाहेर निवडुंगाशेजारी पहारीनं खड्डा घेतला. मुरमाची जमीन, फार खोल जाता आलं नाही. फादर आले होते. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही, नुसते उघड्या डोक्यानं उभे राहिले.

दोनेक महिन्यांनी आमच्या वॉर्डात असंच एक बाळ झालं. मी म्हणाले, "गेलं, डॉक्टर." आमचे डॉक्टर देवाधर्माच्या वाटेला न जाणारे. ते छातीवरची नळी काढेनात.

"बोटांना लागत नाही म्हणजे संपलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले. "नेमका जीव केव्हा जातो ते मलाही सांगता येत नाही. आपण थांबतो आणि मग मान्य करतो, एवढंच."

ते हात धुवायला गेले. मी बाकावर बसले. फादर परत परत का विचारत होते ते मला तेव्हा कळलं. पाणी घातलं तेव्हा जीव असेलही, अशी शंका असेल तर मूल आपलंच धरायचं, असा त्यांचा नियम होता. एवढीशी शंका पुरली असती. ते बिचारे तीनदा माझ्याकडे ती मागत होते, आणि मला वाटलं माझी परीक्षा चाललीय.

सुटल्यावर तशीच चर्चमध्ये गेले. फादरना म्हणाले, मला आता शंका आहे. त्यांनी विचारलं, "शंका आहे, की हवी आहे?" जगावं की मरावं असं झालं होतं. तशीच घरी आले.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतात. धाकटी आणि मी कुंपणाबाहेर बसलो होतो. आत गर्दी होती, प्रार्थना चालली होती. ती दगडांच्या आडोशाला मेणबत्ती धरून बसली होती. मधेच म्हणाली, "ताई, मी मेल्यावर ह्यो मला दिसंल का गं?"

मी म्हणाले, "मला ठाऊक नाही."

तिनं मेणबत्ती दगडांत खोचली. मग म्हणाली, "त्या दिशी फादर इचारत हुते, तवा मी खाटंवर जागीच हुते. आता म्हनशील, मग म्हनशील, म्हनून वाट बगत हुते. ठाऊक न्हाय, येवढंच म्हनायचं हुतंस की, ताई."