कौतिकाबाईचा दीड रुपया

मी चौथीपर्यंतच शिकलेली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. कोणाच्या हाती हा कागद पडला तर त्याने सांभाळून घ्यावं. आत्याबाईंना जाऊन महिना होत आला. तोंडाने हे मला कोणाला सांगता यायचं नाही, म्हणून लिहिते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नवेगावच्या बांधाजवळ, म्हणजे मोठ्या तळ्याजवळ, आमचं घर. नवे पैसे चालू झाले त्या सुमारास त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चुलीवरचा भात विसरल्या, मग घराची वाट, मग पोटचा मुलगा. माझे मालक जेवायला बसले की मला हळूच विचारायच्या, "हा कोन मानूस होय वो? रोज येऊन जेवून राह्यला." मालक हसायचे. "पाहुना होय माय, जाईन उद्या." मग हात धुवायला बाहेर जायचे, ते बराच वेळ आत येत नसत...

मला मात्र त्या ओळखायच्या, पण कौतिकाबाई म्हणून. कौतिकाबाई त्यांची थोरली जाऊ, मालक लहान असतानाच पटकीने गेलेली. मालक तापाने फणफणले होते तेव्हा तिने शिंगाडे विकून साठवलेला दीड रुपया डॉक्टरसाठी दिला. तो परत करायच्या आधी तीच गेली. आता आत्याबाई पदराची गाठ चाचपत माझ्यामागे फिरायच्या. "घे ना वो बाई. काऊन रागावून राह्यली?" मी तुमची सून होय, असं म्हटलं की रडायच्या.

शेजारच्या म्हातारीने मला बजावलं, "मेलेलीच्या नावानं ओ देशील तं ते तुह्यात घर करन. पोटाले सांभाळ." मला दिवस गेले होते, लिहिताना ते बाळ पोटात हलतं आहे. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, "भूत-वूत कुछ नहीं, बीमारी है. नई बातें पहले मिटती हैं, पुरानी बाद में." उन्हाळ्यात बांध आटतो तसंच की हे, मला वाटलं. काठ आधी उघडे पडतात, डोहातलं पाणी राहतं. पण त्या डोहात कौतिकाबाई उभी होती, आणि तिचं तोंड माझं होतं.

शेवटी त्यांनी अन्न सोडलं. "उसनं फेडल्याबिगर घास उतरत नाई," एवढंच म्हणत. मालकांनी नवे पैसे त्यांच्या हातावर ठेवले, तर "हे बटनं कायले देता भाऊ?" म्हणून भिरकावले. मग मालक वाण्याकडून जुना रुपया आणि आठ आण्यांची अधेली शोधून घेऊन आले. नाणी आत्याबाईंना दिली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पोटावर पदर ओढून घेतला आणि खाटेशी बसले.

"आण, सगुणा."

सासूचं नाव सुनेच्या तोंडी... त्या नावाने त्यांना हाक मारणारं कोणी जिवंत उरलं नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला. दोन्ही नाणी त्यांनी माझ्या मुठीत दाबली. "पोरगं वाचलं वो बाई, तुह्या पैशानं."

दारात मालक उभे होते.

"वाचलं," मी म्हटलं. "अन् पैसे फिटले वं सगुणा. सगळे फिटले."