पडेल गाण्याची वाट

एकाहत्तर साली बेलापूरला मामेबहिणीच्या लग्नात कर्णा लावायला आलेल्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. मोठी रेकॉर्ड तो गरम भाकरीसारखी कडेनं धरायचा, सुईवर फुंकर मारायचा आणि डोळे मिटायचा. कर्ण्यातूनसुद्धा तबल्याचं बोट न् बोट ऐकू यायचं.

नवरानवरी उभी राहिली, तरी गाणी थांबेनात. भटजी ओरडले, "अरे, बंद कर ते."

"करतो की. जरा पडेल गाणं लागू द्या," तो म्हणाला. "चांगल्या गाण्यावरनं सुई उचलवत न्हाई."

त्या रेकॉर्डवर पडेल गाणं एकही नव्हतं. मामा घामाघूम झाले. बाजू संपली तेव्हा मुहूर्त टळायला आला होता. भटजींनी रागारागानं मंगलाष्टकं सुरू केली, आणि चाल निघाली ती शेवटच्या गाण्याची.

कर्णेवाल्यानं पुन्हा डोळे मिटले.