कुत्र्याच्या खुंटीवरचा पट्टा

रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. मी कमरेभोवती पंचा गुंडाळला आणि त्यावर मुलाचा, कुत्र्याची दोरी कमरेला अडकवायचा पट्टा चढवला. कुत्रा दाराशी उभा होता. संध्याकाळी सुनेचा भाऊ नाशिकहून गाडी घेऊन येणार होता. कुत्रा त्याच्या मळ्यावर जायचा होता. त्याआधी मी त्याला एकदा धावायला नेऊन धडपणे परत आणले, तर तो मुलुंडलाच राहील, असे मी सुनेला सांगितले होते. तिने होकार दिला नव्हता. नकारही दिला नव्हता.

मुलगा डिसेंबरच्या अखेरीस गेला. कार्यालयात, खुर्चीवर बसल्या जागी. रोज पहाटे तो या कुत्र्याला घेऊन डोंगराकडच्या रस्त्याने धावत असे. ते मी गॅलरीतून पाहत असे. मला धावण्याचे कौतुक कधीच नव्हते आणि कुत्रा घरात आणण्यास माझा विरोध होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सुनेला अंतर देणार नाही, हे सांगून झाले. गावच्या देवाचे सांगून झाले. ऊन चढू लागले. शेवटी घाटकोपरचा माझा धाकटा भाऊ पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “कुत्र्याचं टेन्शन घेऊ नको रे. तुझे बाबा नेतील त्याला धावायला.” कावळा उतरला. तो भुकेने उतरला असावा, असे माझे मत आहे. परतताना मी भावाला विचारले, की मला कधी धावताना त्याने पाहिले आहे काय.

“मी नाही पाहिलं, दादा. पण कावळ्याला कुठे माहीत आहे?”

तो हसला नाही, मीही हसलो नाही. परंतु शब्द माझ्या नावावर दिला गेला होता.

तो शब्द पाळणे मी पुढे पुढे ढकलत राहिलो. सून सकाळी लवकर कामावर निघते. ती कुत्र्याला खाली नेऊन आणी, तेवढेच. उरलेला दिवस तो दार ओरबाडत असे. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. त्याने खाणे कमी केले. मग सुनेने भावाला फोन केला. तिची चूक नव्हती.

तेराव्यानंतर मुलाचे कपडे आणि धावण्याचे बूट रीतीप्रमाणे देऊन टाकले. पट्टा मात्र कुत्र्याच्या खुंटीवर टांगलेला होता, त्यामुळे मृताच्या वस्तूंत तो कोणी धरला नाही. त्या खुंटीवर आणखीही सामान होते. दोरी गळ्याला न लावता छातीला लावण्यासाठी एक छातीपट्टा. धावताना हिसका बसला तर तो श्वासनळीवर येऊ नये म्हणून. मधल्या भागात रबर असलेली दोरी. कुत्रा पुढे ओढू लागला की ती ताणते आणि माणसाच्या कमरेला एकदम झटका बसत नाही. दोरीच्या कमरेकडच्या टोकाला एक खटका. त्याची चिमुकली लाल नाडी ओढली की कुत्रा मोकळा होतो. घडी होणारे रबरी भांडे, पाण्याची बाटली, छातीपट्ट्याला अडकवायचा छोटा दिवा. पुरेसे उजाडेपर्यंत शेवटच्या इमारतीच्या पुढे जायचे नाही, असा मुलाचा नियम होता. तिकडे जंगलाच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत बिबट्या येतो. हे सर्व त्याने मला एकदा न विचारता सांगितले होते. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत होतो. ऐकतही होतो, असे आता दिसते.

पट्टा त्याच्या मापावर होता. तो अंगाने भरलेला होता, मी काटकुळा आहे. बकल सरकवले असते तर काम झाले असते. मी सरकवले नाही. साकीनाक्याच्या ज्या कारखान्यात माझी नोकरी झाली, तेथे एक शिस्त होती आणि ती मी पुढे घरातही चालवली: दुसऱ्याने बसवलेले सेटिंग त्याला विचारल्यावाचून हलवायचे नाही. पहिल्या पाळीचा कारागीर यंत्रावर जे माप लावून गेला, ते दुसऱ्या पाळीच्या माणसाने परस्पर बदलले की सगळा माल वाया जातो. घरात इस्त्रीच्या चकतीपासून घड्याळाच्या गजरापर्यंत हाच नियम होता. म्हणून पंचा. दोन वेढे दिल्यावर पट्टा अंगाबरोबर बसला.

भांडे आणि बाटली खांद्याच्या पिशवीत घेऊन इमारतींमधून आम्ही चालत गेलो. कुत्रा माझ्या डाव्या बाजूला, शिस्तीत चालला. शेवटच्या इमारतीपाशी उजाडण्याची वाट पाहिली. चढ सुरू होतो तेथे विजेचा एक खांब आहे. त्या खांबाशी मुलगा धावणे सुरू करीत असावा. मला हे माहीत नव्हते, कुत्र्याला होते. खांब येताच तो धावू लागला. मीही धावलो. काही पावले ते जमले. मग पंचा सुटला. पट्टा सैल होऊन बरगड्यांपर्यंत चढला, पंचाचा पदर पायात आला आणि मी गुडघ्यांवर पडलो. कुत्रा ओढतच होता. लाल नाडी बोटांना सापडेना. सापडली तेव्हा मी ती ओढली.

तो चढावर दिसेनासा झाला.

समोरून येणाऱ्या एका बाईंनी मला उठवून कठड्यावर बसवले. रिक्षा आणू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. कुत्रा गेला, तर सुनेला काय सांगायचे याचा विचार मी करू लागलो. पंचाची घडी घातली. बाई थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या.

कुत्रा वरून परत आला तो धावत आला. नेहमीचा फेरा पुरा करूनच आला असावा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी पिशवीतून काढलेल्या भांड्याला त्याने नाक लावले. मी घडी उघडली, पाणी ओतले. ते संपवून त्याने आणखी मागितले. बाटली रिकामी झाल्यावर मी त्याची लोंबती दोरी हातात धरून त्याला घरी आणले.

सुनेने दार उघडले. फाटलेल्या पायजम्याकडे पाहिले. डेटॉल आणून ठेवले आणि म्हणाली, “पुरे झालं, बाबा. आज माझा भाऊ येईल तेव्हा नेऊ दे त्याला.”

मी तिला सांगितले, की कुत्र्याची चूक नाही, पट्टा सैल होता.

“मग घट्ट का नाही केला?”

मी म्हणालो, की सेटिंग त्याचे होते.

तिने पट्टा उचलून मांडीवर घेतला. या घरात येऊन तिला बरीच वर्षे झाली आहेत, नियम तिला ठाऊक आहे. बकलावर तिने अंगठा ठेवला. तिनेही ते सरकवले नाही.

“पण आता विचारणार कोणाला, बाबा?” ती म्हणाली.

ती उठली, कात्री आणून माझ्यापुढे ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. ती भावाशी फोनवर बोलत असल्याचे ऐकू आले. आज येऊ नको, असे ती त्याला सांगत होती. कारण त्याने विचारले असावे. सासऱ्यांना पट्टा नीट करायचा आहे, असे ती म्हणाली. कुत्रा पहिल्यांदाच दुपारभर झोपला. उठल्यावर त्याने ताटली चाटूनपुसून साफ केली.

दिवेलागणीनंतर मी कामाला बसलो. बकल माझ्या कमरेच्या मापावर आणले. वीतभर पट्टी उरली. ती लोंबकळत ठेवली तर पायात येईल, म्हणून कापली. कापलेले टोक उसवू नये यासाठी आगपेटीची काडी ओढून ते वितळवले आणि थंड होईपर्यंत पक्कडीत दाबून धरले. उरलेला तुकडा फेकला नाही. खटक्याची लाल नाडी सकाळी बोटांना सापडली नव्हती, ती लहान होती. त्या तुकड्याचे कडे करून ते जाड दोऱ्याने नाडीला शिवले. ओढून पाहिले. खटका सुटला. परत लावून पुन्हा ओढले. तेव्हाही सुटला. पट्टा कुत्र्याच्या खुंटीवर टांगला आणि बाटली भरून ठेवली.